पडद्यावरचा दादा

सिस्टरला बोलायचं भय असं कधी नव्हतंच. वॉर्डात ती कोणावर आवाज चढवायला लागली की खालच्या मजल्यावरचा औषधवालासुद्धा मान वर करून छताकडे बघायचा. पण समितीसमोर उभं राहायचं, पडद्यावर चित्रं दाखवायची आणि मधे मधे थांबत सावकाश बोलायचं, हे तिच्या लेखी नाटकात काम करण्यासारखं होतं. नाटकात तिने शाळेत असताना एकदाच काम केलं होतं, तेही झाडाचं.

टाळता मात्र येण्यासारखं नव्हतं, कारण वॉर्ड बंद करायचं घाटत होतं. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खात्याच्या वर, एका लांबलचक खोलीत हा वॉर्ड होता. इथे आलेला पेशंट लवकर जात नसे. कोणाचा मणका गेलेला, कोणाचं अर्धं अंग लुळं पडलेलं, कोणाला स्वतःचा घास स्वतःच्या तोंडापर्यंत नेता येत नाही. बरं व्हायची फारशी आशा नाही आणि मरायचीही घाई नाही, अशा माणसांपायी जागा आणि नोकरमाणसं का अडकवून ठेवायची, असा प्रश्न वरच्या मजल्यावर कोणाला तरी पडला. ज्याला कधी कोणाला कुशीवर वळवावं लागत नाही त्याला असे प्रश्न बरे सुचतात. तर समितीने सिस्टरला निरोप धाडला, की या, थोडा वेळ देतो, तुमचा वॉर्ड का ठेवावा ते आम्हाला नीट दाखवून द्या.

आता का ठेवावा याची कारणं सिस्टरकडे वॉर्डात पलंग होते तितकी होती. पण खरं सांगायचं तर एक कारण बाकी सगळ्यांहून मोठं होतं, आणि ते खिडकीजवळच्या पलंगावर होतं. तिचा सख्खा थोरला भाऊ.

दादा रंगारी होता. उंच उंच इमारतींना रंग देत आयुष्य गेलं, आणि एक दिवस परांचीची फळी सटकली. छातीपासून खालचं अंग गेलं. हात हलायचे, पण त्यात चमचा धरण्याइतकाही जोर राहिला नाही. जीभ तेवढी जशीच्या तशी शाबूत राहिली, आणि शरीराच्या बाकी सगळ्या भागांचं काम तिने एकटीने अंगावर घेतलं. लग्न केलं नव्हतं. बहिणीला शिकवून नर्स करण्यात लग्नाचं वय निघून गेलं, असं लोक म्हणत. दादा म्हणे, मुलगी बघायला गेलो की मुलीपेक्षा भिंतींकडेच लक्ष जायचं, मग कोण देणार मला मुलगी.

त्याला घरी नेता आलं असतं तर सिस्टरने कधीच नेलं असतं. पण घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात समोरून कोणी आलं तर एकाला मागे सरावं लागे. नवरा बसवर ड्रायव्हर, त्याच्या पाळ्यांचा ठावठिकाणा नाही. ती स्वतः दिवसभर इस्पितळात. आणि दादाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं, दोन माणसांनी मिळून. नाही वळवलं तर पाठीची कातडी जाते, मग मांस जातं, मग माणूस जातो. दादाच्या शेजारच्या पलंगावर एक म्हातारे पोस्टमन होते. त्यांच्या मुलांनी त्यांना मोठ्या हौसेने घरी नेलं. मुलं चांगली होती, प्रेमाची होती, पण पोटापाण्याला बाहेर जाणारी होती. म्हातारबुवांना परत आणलं तेव्हा त्यांची पाठ बघून वॉर्डातली मावशी, जिने उभ्या जन्मात काय काय उपसलं होतं, तीसुद्धा दाराबाहेर जाऊन उभी राहिली. आठवडाभरात ते गेले. वॉर्ड बंद झाला तर दादाचं काय होणार हे सिस्टरला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून ती कामाला लागली. आधी तिने आपल्या पद्धतीने एक मोठा पुठ्ठा आणला आणि त्यावर रंगीत पेनांनी सगळं लिहून काढलं. कोणाला किती वेळा वळवायचं, भरवायला किती वेळ लागतो, कोणाला उचलायला किती माणसं लागतात. इस्पितळाने वॉर्डप्रमुखांना समितीसमोर बोलायला शिकवण्यासाठी एक सर नेमले होते. ते रोज टाय लावून येत म्हणून त्यांचं नाव टायवाले सर पडलं. त्यांनी पुठ्ठ्यावर नजर टाकली आणि हसून म्हणाले, की सिस्टर, हे वाचायला समितीला जेवणाचा डबा घेऊन बसावं लागेल.

माणूस वाईट नव्हता हो. सांगत होता ते खरंही होतं. ते म्हणाले, समोरचा माणूस एक तर वाचतो नाही तर ऐकतो, दोन्ही एकदम होत नाही. पडद्यावर अक्षरं थोडी हवीत आणि मागच्या रांगेला दिसतील एवढी हवीत. एका स्लाइडवर एकच गोष्ट दाखवायची. पडद्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आणि जिथे चित्र बोलतं तिथे आपण गप्प बसायचं. सिस्टरला हे मनापासून पटलं. मोठमोठे डॉक्टर पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं टाकून, लोकांकडे पाठ करून तीच पुटपुटत वाचताना तिने पाहिले होते, आणि त्यात तिला छान डुलकीही लागली होती. तिने मनाशी ठरवलं, आपण सगळं सर सांगतात तसंच करायचं. वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ती शिकली. घरी फ्रिजसमोर उभी राहून सराव केला. नवऱ्याला खुर्चीत बसवून समिती केलं. ती समिती पाच मिनिटांत घोरायला लागली, तरी तिने भाषण पुरं केलं.

फोटो तेवढे काढायचे राहिले होते.

सर म्हणाले होते, वॉर्ड आहे तसा दाखवा. म्हणून सिस्टर सकाळच्या कामाच्या वेळी मोबाइल घेऊन गेली. ती वेळ म्हणजे वॉर्डाची खरी वेळ. घाण झालेल्या चादरी ओढून काढायच्या, उघड्या पाठी पुसायच्या, एकीने खांदे धरायचे आणि दुसरीने पाय. सिस्टरने पहिल्याच पलंगापाशी मोबाइल वर धरला. तिथे एक म्हातारे हेडमास्तर होते, कमरेपासून उघडे. त्यांना अंगावर चादर ओढून घेता येत नव्हती, म्हणून त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले. सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मोबाइल खिशात टाकला आणि आधी त्यांच्या अंगावर चादर घातली. मावशी तिच्याकडे बघत होती. ती एवढंच म्हणाली, की असं आपल्या बापाचं कोणाला दाखवू आपण?

मग फोटो काढले ते सगळं आवरल्यावर. आणि आवरलं म्हणजे कसं, तर वॉर्डाचे फोटो मोठ्या पडद्यावर दिसणार हे कळल्यावर मावश्यांच्या अंगात वारं शिरलं. सिस्टरलाही कुठे हात आवरता आले? शिकताना तिची हेडसिस्टर चादरीचे कोपरे पट्टीने मोजायची. तेव्हापासून कोणी बघायला येणार म्हटलं की सिस्टरचे हात डोक्याला न विचारता चादर ताणायला लागत. भांडी पलंगाखाली गेली. नळ्या पांघरुणाआड गेल्या. म्हाताऱ्यांच्या दाढ्या झाल्या, आजीबाईंच्या वेण्या झाल्या. हेडमास्तरांना चष्मा चढवला आणि पुढ्यात वर्तमानपत्र उभं करून दिलं.

दादाचं तर विचारूच नका. त्याने आदल्या दिवसापासून हट्ट धरला होता की इस्पितळाचा तो मळका सदरा घालून मी पडद्यावर येणार नाही. घरून त्याचा पांढरा शर्ट आणला, इस्त्री केली. तो शर्ट त्याच्या अंगात चढवायला सिस्टर आणि दोन मावश्या अशा तिघी लागल्या. मिशी कातरून झाली. मग त्याला पलंगावर बसतं केलं. एक मावशी त्याच्या पाठीमागे उशांना टेकू देऊन वाकलेली, दुसरी बाजूने खांदा धरून उभी. सिस्टरने मोबाइल धरला तेव्हा खांदा धरलेली मावशी लाजायला लागली. तिचं लुगडं कामाने ओलं झालं होतं, केस विस्कटले होते. त्यात दादा तिला म्हणाला, की मावशी, तुम्ही अशा शेजारी उभ्या राहिलात तर लोकांना आपल्या लग्नाचा फोटो वाटेल. मावशी तोंडाला पदर लावून हसत बाजूला झाली. मागची फोटोत दिसू नये म्हणून आणखी खाली वाकली. तेवढ्यात सिस्टरने फोटो घेतला, आणि दादा डाव्या अंगाला कलंडला. दोघींनी त्याला वरच्या वर धरला. तोही हसत होता. वॉर्डात इतकं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

फोटो सुरेख आला होता. खिडकीतून ऊन आलेलं, पांढरा शुभ्र शर्ट, आणि दादा रंगवून झालेल्या इमारतीकडे बघून हसायचा तसा हसत होता. सिस्टरने तो दहा वेळा पाहिला. त्यातली चूक तिला दिसली नाही, आणि दिसणार तरी कशी? रोज ज्या हातांनी त्याला धरलेलं ती बघायची, ते हात फोटोत नव्हते तरी तिला दिसतच होते.

तिने फोटोखाली एक ओळ लिहिली होती, की याला बसवायला दोन माणसं लागतात आणि हात सोडले तर हा पडतो. टायवाल्या सरांनी ती ओळ काढायला लावली. सिस्टर म्हणाली, असू दे की, एकच तर ओळ आहे. सर म्हणाले, एवढं बोलकं चित्र आहे, त्याच्यावर अक्षरांचं ओझं कशाला? ते तुम्ही तोंडाने सांगा. हा फोटो शेवटी ठेवा, तो लावल्यावर जरा वेळ काहीही बोलू नका, बघा कसा परिणाम होतो ते.

समितीच्या दिवशी दादाने सकाळपासून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. आज मी पडद्यावर झळकणार, म्हणून शेजारच्या पलंगांना सांगून झालं. सिस्टर निघाली तेव्हा तो म्हणाला, "चिमे, घाबरू नकोस. मी आहे ना मागे पडद्यावर."

सभागृह गार होतं. लांब टेबलामागे समिती बसली होती आणि मधे अध्यक्षबाई. त्या पिकल्या केसांच्या, मऊ आवाजाच्या, बघताक्षणी मावशी म्हणावंसं वाटेल अशा होत्या. सिस्टरच्या आधी दुसऱ्या एका वॉर्डाचे प्रमुख बोलले. त्यांनी लोकांकडे पाठ करून मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि समितीतले एक गृहस्थ उघड उघड पेंगले. सिस्टरला धीर आला.

आणि ती बोललीही फर्मास. पाठ केली नाही, घाई केली नाही. हेडमास्तरांचं चित्र लावलं, ते कोण होते हे सांगितलं. आजीबाईंचं लावलं. पेंगणारे गृहस्थ सावरून बसले. अध्यक्षबाई पुढे झुकून बघायला लागल्या. मग तिने शेवटचं चित्र लावलं. दादा पडद्यावर भिंतभर उमटला. शिकवल्याप्रमाणे सिस्टर गप्प राहिली. आता मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं आणि मग सांगायचं, हा एका क्षणानंतर कलंडला म्हणून.

ती दहापर्यंत पोचायच्या आत अध्यक्षबाई बोलल्या. डोळे टिपत म्हणाल्या, किती छान बसलेत हे. चेहरा बघा, कसा टवटवीत आहे. बाजूचे गृहस्थ म्हणाले, खरंच, मी तर समजत होतो की त्या वॉर्डात सगळे खिळलेले पेशंट असतात. हे तर पेपर वाचतायत, गप्पा मारतायत. तिसऱ्याने विचारलं, मग यांना इस्पितळात ठेवलंय कशाला?

सिस्टरने पडद्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "मॅडम, हे एकटे बसू शकत नाहीत. फोटो काढेपर्यंत दोघी जणी धरून होत्या."

अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पडद्यावर खिडकी होती, ऊन होतं, ताणलेली चादर होती आणि पांढऱ्या शर्टातला दादा होता. दुसरं कोणी नव्हतं. बाई हसून म्हणाल्या, की तुम्ही फार काळजी करता सिस्टर, आईला मूल कधी मोठं झालेलं दिसतच नाही, तसं आहे हे.

सिस्टर घाईघाईने मागची चित्रं लावायला लागली. कुठे तरी काही तरी दिसेल, एखादी नळी, एखादी जखम, एखाद्या मावशीचा हात. हेडमास्तर आले, चष्मा लावून पेपर वाचत. पानं उलटायला मावशी लागते, सिस्टर सांगत होती. आजीबाई आल्या, घट्ट वेणी घातलेल्या. यांना गिळता येत नाही, ती बोलत होती. तिने स्वतःच्या हातांनी इतकं स्वच्छ आवरलं होतं की तिच्या शब्दाला धरायला कुठे सुरकुतीसुद्धा उरली नव्हती. समितीतले लोक तिचं तोंड बघत नव्हते, चित्रं बघत होते. सर म्हणाले होते ते खरंच होतं, दोन्ही एकदम होत नाही.

शेवटी तिने जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते सांगितलं. म्हणाली, "हा माझा भाऊ आहे. मी याला घरी सांभाळू शकत नाही. मला जमणार नाही हो."

अध्यक्षबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी सिस्टरचे दोन्ही हात हातात घेतले. त्या म्हणाल्या, "अहो, ज्या भावाच्या घरातच नर्स आहे, त्याने इस्पितळात का राहायचं? आपल्या माणसांत राहू दे त्याला."

त्या अगदी मनापासून बोलत होत्या, हेच वाईट होतं. वाईट माणसाशी सिस्टरला भांडता आलं असतं. भांडण तिच्या हातचं होतं. पण ही बाई डोळे पुसत होती, तिच्याशी कसं भांडायचं? तेवढ्यात कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि सगळ्यांनीच वाजवल्या. वॉर्डाच्या सेवेचं कौतुक करून ठरलं ते असं: इतके सुधारलेले पेशंट अडकवून ठेवू नयेत. ज्यांना घर आहे त्यांनी महिनाअखेर घरी जावं, ज्यांना नाही त्यांची गावाबाहेरच्या संस्थेत सोय करावी.

दाराशी टायवाले सर उभे होते. त्यांना आतला निकाल नीटसा कळला नव्हता, टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या होत्या. ते म्हणाले, सिस्टर, आजचं सगळ्यांत उत्तम तुमचं झालं. पुढच्या तुकडीला नमुना म्हणून दाखवायला तुमच्या स्लाइड ठेवून घेऊ का? सिस्टर म्हणाली, ठेवा.

ती वॉर्डाचा जिना चढायला लागली. कठड्याला धरून ती मधेच उभी राहिली. खाली कपड्यांची यंत्रं घुमत होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण तेही आलं नाही. उद्या पुन्हा जाऊन सांगू, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण काय सांगणार होती? मी जे दाखवलं ते खरं नव्हतं म्हणून? हेडमास्तरांना उघडं करून फोटो काढणार होती? ते तिच्याने आजही झालं नसतं. तिने घड्याळ पाहिलं. दादाला वळवायची वेळ झाली होती.

तो वाटच बघत होता. अंगात पुन्हा इस्पितळाचा सदरा होता आणि पांढरा शर्ट उशाशी घडी करून ठेवलेला.

"काय म्हणाले?" त्याने लांबूनच विचारलं.

मावशी पलंगाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिने सिस्टरचं तोंड बघितलं आणि ती खाली बघायला लागली. अशा बायकांना सांगावं लागत नाही.

"तुझा फोटो सगळ्यांत जास्त आवडला, दादा," सिस्टर म्हणाली. "अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं."

"मग वॉर्ड वाचला म्हण की." दादा शेजारच्या पलंगांकडे मान वळवून हसला. "मी म्हटलं नव्हतं, शर्ट बदला म्हणून?"

सिस्टरने एक हात त्याच्या खांद्याखाली घातला आणि एक कमरेखाली. पलीकडून मावशीने घातले. दोघींनी मिळून त्याला भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळवला आणि पाठीमागे उशी लावली. पाठ स्वच्छ होती, कुठे लालीसुद्धा नव्हती. सिस्टरने ती दुमडल्या टॉवेलने हळू हळू पुसली. उद्या सांगू, की परवा, की गाडीत घालायच्या दिवशीच, हे तिला ठरवता येईना.

भिंतीकडे तोंड करून दादा बोलतच होता. म्हणाला, तो शर्ट नीट इस्त्री करून ठेवा, पुन्हा कधी फोटो लागला तर. आणि पुढच्या वेळी मावशी, लाजू नका, तुम्हीही या फोटोत.